रस्ता बंद, बाजार सुरू : शोभाताई इंगोले

शोभाताई इंगोले यांची आणि माझी पहिली भेट एका जाहीर सूचनेवरून झाली. मी नगरपरिषदेत नुकताच लागलो होतो. मराठी घेऊन एम.ए. केलेला माणूस म्हणून पत्रे आणि सूचना लिहिण्याचे काम माझ्याकडे आले होते. बसस्टँडच्या मागच्या रस्त्याचे काम निघाले. मी जुन्या नमुन्याप्रमाणे लिहिले की सदर रस्ता दुरुस्तीच्या कारणास्तव पुढील आदेशापर्यंत वाहतुकीस बंद राहील, आणि होणाऱ्या गैरसोयीबद्दल प्रशासन दिलगीर आहे. कागद सहीसाठी बांधकाम विभागात गेला. थोड्या वेळाने तो हातात घेऊन त्या स्वतःच माझ्या टेबलापाशी आल्या.

"हे तुम्ही लिहिलं?"

"हो मॅडम."

"रस्ता बंद आहे हे तर लोकायले दिसनच. जायचं कुठून?"

त्या समोरची खुर्ची ओढून बसल्या.

"आन हे पुढील आदेशापर्यंत म्हणजे काय? तुमच्या घरी नळ येनार नाही असं कोनी सांगितलं, आन कवा येईन ते सांगितलंच नाही, तर तुम्ही काय करसान?"

"चिडेन."

"मंग तारीख टाका. तारीख मी देते. चुकली तर शिव्या मले बसतीन, तुमाले नाही."

शेवटच्या ओळीवर त्यांनी स्वतःच्या पेनने रेघ मारली. "दिलगिरी काढा. आधीच माफी मागून ठेवली की मानूस कामात ढिला पडते."

त्या दिवशीची सूचना चार ओळींची झाली. रस्ता कुठला, जायचे कुठून, कधीपर्यंत आणि अडचण आली तर कोणाला फोन करायचा. फोन त्यांचा स्वतःचा होता. पुढे त्यांच्या हाताखाली निघालेली प्रत्येक सूचना अशीच चार ओळींची राहिली. आपल्या गावातल्या लोकांना ती वाचायची सवय लागली. सरकारी सूचना लोक वाचतात, ही गोष्ट मी तोपर्यंत पाहिली नव्हती.

शोभाताई चांदूर बाजारकडच्या. शिक्षण अमरावतीला झाले. आपल्या नगरपरिषदेत त्या कनिष्ठ अभियंता म्हणून आल्या आणि नगर अभियंता म्हणून निवृत्त झाल्या. सुरुवातीच्या काळात एका ठेकेदाराने खडीच्या ढिगापाशी उभ्या असलेल्या शोभाताईंनाच विचारले होते, "बाई, साहेब कुठं हायेत?" त्या म्हणाल्या, "हे काय, तुमच्या समोर उभी आहे. खडी मातीची आहे, परत न्या." तो ठेकेदार पुढे अनेक वर्षे त्यांच्याबरोबर काम करत राहिला. खडी मात्र त्याने पुन्हा मातीची आणली नाही.

त्यांच्या कामाची रीत साधी होती, पण ती पाळणे सोपे नव्हते. त्यांचे पहिले सूत्र होते, रस्ता एकदाच फाडायचा. कोणत्याही रस्त्याचे काम निघण्याआधी त्या पाणीपुरवठा, वीज, टेलिफोन, गटार अशा सगळ्या खात्यांच्या माणसांना त्या रस्त्यावर उभे करत. कार्यालयातली बैठक त्यांना मान्य नसे. कार्यालयात सगळेच हो म्हणतात, असे त्यांचे मत होते. रस्त्यावर उभे राहिले की प्रत्येकाला आपली पाइप, आपली केबल आठवते. एकदा नव्या डांबरीकरणानंतर महिनाभराने टेलिफोनचा एक अधिकारी खोदाईची परवानगी मागायला आला. तो फार विनवू लागला.

"मॅडम, फक्त एक चर. वरून पुन्हा डांबर टाकून देतो."

"तुमच्या नव्या शर्टाले मी इथून कापू का? वरून टाका घालून देईन."

तो हसला आणि गेला. केबल पुढच्या वर्षी, बाजूच्या गटाराचे काम निघाले तेव्हा, त्या गटाराच्याच चरातून गेली.

दुसरे सूत्र होते, सामान आल्याशिवाय रस्ता बंद करायचा नाही. आपल्याकडे आधी रस्ता बंद होतो, मग खोदला जातो आणि मग पाइपची वाट पाहिली जाते. शोभाताई ही सगळी वाट आधीच पाहून घेत. पाइप, सिमेंट, यंत्रे, माणसे सगळे जागेवर आले की मग पहिले बॅरिकेड लागे. बॅरिकेड लागल्यावर काम थांबलेले त्यांना चालत नसे. "बंद रस्ता म्हणजे लोकायकडून उसना घेतलेला रस्ता," असे त्या म्हणत. उसन्या वस्तूशी जसे वागावे तसे त्या वागत.

गल्लीतली कामे काढण्याआधी त्या घरोघर जात. त्यांचे प्रश्न ठरलेले असत. कोणाकडे लग्न आहे? कोणाचे दिवस भरत आले आहेत? कोण अंथरुणाला खिळले आहे? अभियंत्याने हे का विचारावे, असे काहींना वाटे. आमच्या गल्लीत जलवाहिनीचे काम निघाले तेव्हा माझे वडील शेवटच्या आजारात होते. शोभाताई घरी आल्या. चहा घेतला. वडिलांशी पिकापाण्याचे बोलल्या. निघताना दारात उभे राहून त्यांनी गल्लीची दोन्ही टोके पाहिली आणि एवढेच म्हणाल्या, "खोदाई तिकडल्या टोकाकडून सुरू करते. इकडे येईन तवा पाहू." काम आमच्या दारापर्यंत येण्याआधी वडील गेले. त्या सकाळी गल्लीत तोवर खोदलेला चर बुजवून, मुरूम दाबून सपाट केलेला होता. वडिलांना खांदा देणाऱ्यांपैकी कोणाचाही पाय अडखळला नाही. हे मी त्यांना कधी बोलून दाखवलेले नाही. आज लिहून ठेवतो.

आता बाजार रस्त्याच्या मोरीची हकीकत. हा गौरवग्रंथ निघतो आहे तो या एका कामामुळे, असे म्हटले तरी चालेल. शोभाताईंना ते आवडणार नाही, कारण त्यांच्या मते त्याहून अवघड कामे गटारांची होती. पण गाव त्यांना मोरीमुळेच ओळखते.

बसस्टँडकडून बाजार समितीकडे जाणारा रस्ता आपल्या गावाचा कणा आहे. मध्ये नाला आहे आणि नाल्यावर जुनी दगडी मोरी, म्हणजे छोटा पूल, होती. एका पावसाळ्यात ती एका बाजूने खचली. एस.टी.ने बस नेणे बंद केले. शोभाताईंनी खाली उतरून पाहिले आणि सांगितले की भरलेल्या ट्रॅक्टरांचा हंगाम ही मोरी काढणार नाही. उन्हाळ्यापर्यंत थांबता येत नव्हते. मोरी नवी बांधायची तर कापसाच्या ऐन हंगामात.

व्यापाऱ्यांचा जीव टांगणीला लागला. कारण सरळ होते. अमरावतीचा बाजार एका बाजूला, अकोल्याचा दुसऱ्या बाजूला. हंगामात ट्रॅक्टर एकदा अडकून पडला की शेतकरी पुढच्या खेपेला तिकडे वळतो, आणि वळलेला शेतकरी परत येत नाही. मग अडत्यांचे, हमालांचे, सरकी काढणाऱ्या जिनिंगमध्ये काम करणाऱ्या बायांचे काय? व्यापाऱ्यांनी मागणी केली की मोरी अर्धी अर्धी बांधा. अर्ध्या भागावर काम, अर्ध्या भागावरून वाहतूक.

शोभाताईंनी नकार दिला. अर्धी मोरी भरलेल्या ट्रॉलीचे वजन घेणार नव्हती, आणि अर्धे काम दुपटीहून जास्त रेंगाळणार होते. त्यांचा प्रस्ताव होता, मोरीच्या काँक्रीटच्या चौकटी आधीच मोकळ्या जागेवर ओतून तयार ठेवायच्या आणि मग रस्ता पूर्ण बंद करायचा. जुनी मोरी काढायची, चौकटी बसवायच्या, रस्ता उघडायचा. सभागृहात गदारोळ झाला. एक ज्येष्ठ नगरसेवक उभे राहिले.

"मॅडम, बाजार एक दिवस जरी बंद पडला तर गाव तुमाले माफ करनार नाही. मंग सरळ तिकडं मेळघाटात, धारणीले बदली मागून घ्या."

"घेईन," शोभाताई म्हणाल्या. "तिथले रस्तेई कोनाले तरी कराच लागतीन. पन बाजार बंद पडनार नाही."

हे वाक्य इतिवृत्तात गेले. गावात त्याहून वेगाने गेले. ज्यांनी त्यांना आयुष्यभर काम करताना पाहिले त्यांनाही धास्ती वाटली. निवृत्तीला थोडा काळ उरला होता. सगळी कारकीर्द एका वाक्यावर लावण्याची गरज नव्हती.

पर्यायी रस्ता एकच दिसत होता. लाकूडबाजारातून. रस्ता पुरेसा रुंद होता, नकाशावर तर चांगलाच रुंद होता. पोलिसांनी जीपने फेरी मारून होकार दिला. एस.टी.ची रिकामी बसही जाऊन आली. दुसऱ्या कोणी तिथेच काम संपवले असते. शोभाताईंनी पलीकडच्या खेड्यातल्या बाबाराव गावंडे यांना ट्रॅक्टर घेऊन यायला सांगितले. बाबाराव दर हंगामात आपल्या बाजारात कापूस आणणारे शेतकरी.

"रिकामी ट्रॉली आनू न मॅडम?"

"रिकामी कायले? रिकामी तर कुठूनई जाते. बाजारात आनता तशी भरून आना."

ज्यांनी भरलेली कापसाची ट्रॉली पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. कापूस ट्रॉलीच्या पत्र्यात मावत नाही. बाजूने जाळी लावतात, वर माणूस उभा राहून पायाने दाबतो, आणि तरीही तो चारी बाजूंनी बाहेर येतो. चाके रस्त्यावर असतात, पण कापूस दुकानांवर घासतो. हे आम्हा सर्वांना ठाऊक होते. हंगामभर आम्ही तेच पाहतो. पण रस्ता ठरवताना कोणाच्या मनात ते आले नाही.

बाबारावांची ट्रॉली लाकूडबाजाराच्या वळणावर युनूसभाईंच्या ओट्याला अडली. युनूसभाईंची लाकूड कापायची आरा मशीन त्या वळणावर आहे. रस्ता पूर्ण बंद करायला सर्वांत मोठा विरोध त्यांचाच होता. ते दुकानातून बाहेर आले.

"देखा मॅडम? मैं कबसे बोल रहा था ना!"

गर्दी जमली. कापूस ओट्याला घासत होता. बाबाराव स्टेअरिंगवरून म्हणाले, "युनूसभाई, तुमचा ओटा सरकते का मी सरकू?"

"ओटा मेरे अब्बा के जमाने का है. तुम्हारा ट्रॅक्टर कल का है. तुम सरको."

"सरकतो. पन मांगं गाय उभी आहे."

सगळे हसले. शोभाताईही हसल्या. कोणीतरी मागून सुचवले, "मॅडम, ओटा अतिक्रमनात येते. जेसीबी लावा, पाच मिंटात साफ." युनूसभाईंचा चेहरा उतरला. कायद्याने ते शक्य होते. शोभाताईंनी ओट्याकडे पाहिले, ट्रॉलीकडे पाहिले, आणि बाबारावांना विचारले, "जातानी तुमी रिकामेच असता न?"

"रिकामाच. इकून टाकलेला कापूस घरी कोन नेते?"

"झालं मंग. ओटा जागेवर राहू द्या."

पर्यायी रस्ता म्हणजे येण्याजाण्याचा एकच रस्ता, असे आम्ही सगळे धरून चाललो होतो. शोभाताईंनी त्याचे दोन केले. भरलेले ट्रॅक्टर उर्दू शाळेमागच्या सरळ रस्त्याने आत जातील. रिकामे लाकूडबाजारातून बाहेर पडतील. दोघांची गाठ कुठेच पडणार नाही. शाळेमागचा रस्ता आधी बाजूला ठेवला होता, कारण तिथे दोन ट्रॅक्टर समोरासमोर येऊ शकत नव्हते. आता ते यायचेच नव्हते. शाळेच्या मुख्याध्यापिकांशी त्या बोलल्या. शाळा भरताना आणि सुटताना ट्रॅक्टर मैदानापाशी थांबतील असे ठरले. बाबारावांची ट्रॉली कशीबशी मागे घेऊन त्या रस्त्याने पाठवली, आणि ती कुठेही न घासता बाजारात पोहोचली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कापसाच्या ट्रॉलीला टाळ्या मिळाल्याचे माझ्या पाहण्यात दुसरे उदाहरण नाही.

त्याच वेळी शोभाताई युनूसभाईंच्या दुकानात गेल्या.

"युनूसभाई, तुमचा ओटा मले पाहिजे."

"फिर वही बात? तोडने को?"

"बसाले."

"आप बैठेंगे यहाँ?"

"मी नाही, तुमी. उलट्या बाजूनं कोनी भरलेला ट्रॅक्टर घेऊन आला का परत पाठवाचा. तुमच्याइतकं कोनाचं या वळनावर लक्ष नाही."

युनूसभाईंनी थोडा विचार केला. मग म्हणाले, "शिटी मिलेगी?"

शिटी मिळाली, लाल झेंडीही मिळाली. रस्ता बंद झाला त्या सकाळपासून युनूसभाई ओट्यावर बसले ते काम संपेपर्यंत. त्यांनी स्वतःच्या मेव्हण्याला परत पाठवले. तो रागाने म्हणाला, "भाईजान, मैं हूँ!" उत्तर मिळाले, "रिश्तेदारी घर पे. गाडी घुमा." सभागृहात धारणीचे नाव काढणारे नगरसेवकही एकदा उलट्या बाजूने गाडी घेऊन आले. शिटी वाजली. ते मागे फिरले.

काम सोपे गेले असे मी लिहिणार नाही. जुनी मोरी काढताना खाली एक पाण्याची पाइप निघाली. ती कोणत्याही नकाशात नव्हती. फुटली आणि खड्ड्यात पाणी भरले. ठेकेदार डोक्याला हात लावून बसला. पण शोभाताईंनी प्रत्येक खात्याचा एक माणूस सुरुवातीपासून जागेवर उभा ठेवला होता आणि जोडणीचे सामानही आणून ठेवले होते. कशासाठी, असे त्या माणसांनी कुरकुरत विचारले होते. शोभाताई म्हणाल्या होत्या, "जमिनीखाली काय आहे ते जमिनीलेच ठाऊक. ती सांगन तवा तुमी हजर पाहिजे." पाइप त्याच दिवशी जोडली गेली.

वर बाजारात कापसाचे लिलाव रोजच्या वेळेला होत होते. आत भरलेले, बाहेर रिकामे, अशी रांग चालली होती. शेतकऱ्यांना आधी चुकल्यासारखे वाटे, मग त्यांच्या लक्षात येई की नेहमीच्या हंगामापेक्षा लवकर मोकळे झालो. कारण नेहमीच्या रस्त्यावर येणारे आणि जाणारे एकमेकांत अडकत. बंद रस्त्याने बाजाराला कधी नव्हती ती शिस्त दिली. अचलपूरकडचे एक अभियंते हे पाहायला मुद्दाम आले आणि अर्धा दिवस युनूसभाईंच्या शेजारी ओट्यावर बसून गेले. त्या हंगामात आपल्या बाजारातला एकही शेतकरी अमरावतीला किंवा अकोल्याला वळला नाही. बाजार एक दिवसही बंद पडला नाही.

फलकावर लिहिलेल्या तारखेच्या आधीच मोरी पूर्ण झाली. उद्घाटनाची वेळ ठरली, मंडप घातला गेला, फीत आणली गेली. पाहुण्यांना उशीर झाला. शोभाताईंनी काँक्रीटची शेवटची तपासणी केली, भरलेली एक ट्रॉली मोरीवरून नेऊन पाहिली आणि बॅरिकेड काढायला सांगितले. कोणीतरी म्हणाले, "मॅडम, अजून उद्घाटन व्हायचं आहे." त्या म्हणाल्या, "ते होईन. रस्ता तयार आहे, तो अडवाचा कायले?"

पाहुणे आले तेव्हा मोरीवरून ट्रॅक्टर, रिक्षा, सायकली, बसही जात होत्या. फीत कुठे बांधायची हा प्रश्न पडला. शेवटी युनूसभाईंनी शिटी वाजवली, दोन्ही बाजूंची वाहने थांबवली, आणि त्या मोकळ्या जागेत घाईघाईने फीत कापली गेली. पाहुणे भाषणासाठी माइककडे वळले. थांबलेल्या रांगेत पहिला ट्रॅक्टर बाबारावांचा होता. ते वरूनच ओरडले, "मॅडम, बोली सुरू होऊन राहिली!" शोभाताई पाहुण्यांपाशी गेल्या. हात जोडून, आदराने, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाल्या, "साहेब, भाषण मंडपात करू या. मांगं ट्रॅक्टर उभे आहेत." पाहुणे मंडपात गेले. वाहतूक सुरू झाली.

शोभाताईंना या वर्षी साठ वर्षे पूर्ण होत आहेत. त्यांच्या सत्काराची मिरवणूक काढावी, असे काही मंडळींनी सुचवले होते. त्यांनी विचारले, "कोनता रस्ता बंद करसान?" मिरवणूक रद्द झाली. म्हणून हा ग्रंथ. त्यांना भरपूर आयुष्य मिळो, गुडघे आणि डोळे शेवटपर्यंत साथ देवोत. आपल्या गावातल्या प्रत्येक नव्या अभियंत्याला त्यांच्या शेजारी रस्त्यावर उभे राहण्याची संधी मिळो. एवढीच इच्छा, आणि ती सगळ्या गावाच्या वतीने. त्या हे वाचतील तेव्हा लेख लांबला म्हणून रागावतील. मागे माणसे खोळंबली आहेत, असे म्हणतील. म्हणून इथेच थांबतो.